१९८३ सालचं पॉप संगीत: 'थ्रिलर'च्या पलीकडे काय घडलं?

प्रश्न असा आहे: 'आमच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळात दर महिन्याला एकेका वर्षाचं पाश्चात्त्य पॉप संगीत ऐकायचं ठरलं आहे. माझ्या वाट्याला १९८३ आलं. वाचायला घेतलं की जिथे तिथे मायकल जॅक्सन. त्या वर्षी आणखी काय घडलं, त्यातलं आज काय टिकलं आणि तासाभरात काय ऐकवावं?'

मी कीबोर्ड वादक. पुढे मुंबईच्या स्टुडिओंमध्ये प्रोग्रॅमिंग आणि मिक्सिंगही केलं. त्यामुळे माझं उत्तर वाद्यांच्या बाजूला झुकलेलं असणार, हे गृहीत धरून वाचा. माझ्या मते १९८३ मधली सगळ्यात मोठी घटना कुठल्याच गाण्याची नाही. त्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरात वाद्य उत्पादक आणि विक्रेत्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे सिक्वेन्शल सर्किट्स या अमेरिकन कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलंडचा ज्युपिटर-६ असे दोन सिन्थेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड, एका साध्या केबलने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली आणि दुसरा वाजला. हीच 'मिडी'ची, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडण्याच्या सामाईक पद्धतीची, पहिली जाहीर चाचणी.

यात एवढं काय विशेष, ते कळायला आधीची परिस्थिती माहीत हवी. तोवर प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या घरचेच नियम पाळायचं. सूर चढवायला काही यंत्रं सप्तकामागे एक व्होल्ट वाढवत, काहींचं गणित वेगळंच असे. लयीचंही तेच. चार मात्रांच्या बारमधल्या एका मात्रेत रोलंडचं यंत्र २४ ठोके मोजायचं, लिनचं ४८ आणि ओबरहाइमचं ९६. एका कंपनीचं ड्रम मशीन आणि दुसऱ्या कंपनीचा सिक्वेन्सर (भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र) एकत्र चालवायचे तर मधे वेगळी पेटी तरी लागे, नाहीतर सोल्डरिंग आयर्न हातात धरणारा कुणी तरी.

रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९८१ मध्ये टॉम ओबरहाइम यांच्याकडे सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवण्याचा विषय काढला. तो सिक्वेन्शलच्या डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत पोहोचला. स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ध्वनी अभियंत्यांच्या परिषदेत त्यावर निबंध वाचला. पुढे यामाहा, कॉर्ग आणि कावाई या जपानी कंपन्या आल्या. नियमांचं पक्कं दस्तावेज १९८३ च्या ऑगस्टमध्ये निघालं. बाजारात एकमेकांशी लढणाऱ्या या कंपन्यांनी त्या पद्धतीवर एक पैसाही स्वामित्वशुल्क लावलं नाही. ज्याला हवं त्याने वापरावं. माझ्या व्यवसायातला याहून मोठा उदारपणा मला माहीत नाही. काकेहाशी आणि स्मिथ यांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं ते थेट २०१३ मध्ये.

रचना अगदी साधी. पाच पिनांचा गोल प्लग, सेकंदाला ३१,२५० बिट्सचा वेग, १६ चॅनेल. आत येणारा संदेश प्रकाशाच्या छोट्या दुव्यातून जातो, म्हणून दोन यंत्रांचे अर्थिंग एकमेकांना भिडत नाहीत आणि गुणगुण येत नाही. केबलमधून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच जातं. मधल्या 'पांढरी एक'चा (सी) क्रमांक ६०, जोर मोजायचा ० ते १२७ मध्ये. एका स्वराच्या संदेशाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड दाबला तर शेवटचा स्वर काही मिलिसेकंद मागे पडतो, आणि तयारीच्या वादकाला ते जाणवतंही.

आपल्या संगीताच्या दृष्टीने मात्र त्यात एक मोठी उणीव राहिली. मिडीला पट्टी कळते, दोन पट्ट्यांमधली वाट कळत नाही. मींड घ्यायची तर डाव्या हाताने पिच व्हील, म्हणजे सूर वरखाली ओढणारं चाक, फिरवावं लागतं, आणि ते व्हील त्या चॅनेलवरचे सगळेच स्वर एकदम ओढतं. खाली षड्ज-पंचम धरून वर गंधारावर मींड घ्यायला गेलात की षड्जही हलतो. त्यासाठी मी गाण्याची ओळ एका चॅनेलवर आणि आधाराचे स्वर दुसऱ्यावर ठेवायचो. आमच्यापैकी अनेकांची तीच युक्ती होती. प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे वाकवण्याची सोय मिडीच्या मूळ नियमांत यायला २०२० मधली दुसरी आवृत्ती उजाडावी लागली. मधली ३७ वर्षं तीच पहिली आवृत्ती जगभर चालली आणि आजही चालते. तुमच्या लॅपटॉपवरचं कुठलंही संगीताचं सॉफ्टवेअर उघडा, आत तेच आकडे आहेत.

महाराष्ट्रातली मंडळी मिडीला नावाने ओळखत नसतील, पण ऑक्टोपॅड कुणाला माहीत नाही? वरातीच्या गाडीवर, ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत आठ पॅड लावून उभा असलेला वादक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ मध्ये आला आणि त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी पडली की तो फक्त मिडी संदेश पाठवायचा, आवाज जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून यायचा. अ‍ॅनाहाइमची ती केबल नसती तर हे वाद्य जन्मालाच आलं नसतं.

त्याच वर्षाची दुसरी घटना म्हणजे मे महिन्यात आलेला यामाहाचा डीएक्स७ हा सिन्थेसायझर. त्याची मुळं १९६७ मध्ये आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन चाउनिंग संगणकावर स्वराला कंप देऊन पाहत होते. कंपाचा वेग वाढवत नेला तेव्हा एका टप्प्यानंतर कानाला तो कंप वाटेनासा झाला आणि स्वराचा पोतच बदलला. स्वर घंटेसारखा, पितळेच्या वाद्यासारखा, लाकडावर ठोकल्यासारखा लागू लागला. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांना त्यात काही दिसलं नाही. यामाहाला दिसलं. त्यांनी परवाना घेतला आणि ते गणित एका स्वस्त चिपमध्ये बसवायला जवळजवळ दशकभर खर्च केलं.

डीएक्स७ ची किंमत १,९९५ डॉलर होती. एका वेळी १६ स्वर वाजत. त्या काळी सगळ्यांना हवाहवासा वाटणारा प्रॉफेट-५ पाचच स्वर देई आणि त्याची किंमतही कितीतरी जास्त होती. शिवाय डीएक्स७ ला बोटाचा जोर कळायचा. हळू दाबलं तर मऊ, ठोकलं तर धारदार. पियानो शिकलेल्या माणसाला सिन्थेसायझरवर आपला हात पहिल्यांदा सापडला तो इथे. दीड लाखांहून अधिक नग खपले. पण त्याचे आवाज घडवणं महाकठीण होतं. सपाट बटणं, दोन ओळींचा इवलासा पडदा आणि आत सहा ऑपरेटरांच्या, म्हणजे एकमेकांना कंप देणाऱ्या ध्वनिस्रोतांच्या, ३२ प्रकारच्या मांडण्या. त्यामुळे बहुतेकांनी कारखान्यातून आलेले आवाज जसेच्या तसे वापरले. त्यातला 'ई. पियानो १' हा काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो दशकभर जगातल्या निम्म्या प्रेमगीतांत वाजला असेल. एकच आवाज सगळीकडे ऐकू येऊ लागणं, याची सुरुवात मी या यंत्रापासून धरतो, आणि मला ती चांगली गोष्ट वाटत नाही. आणखी एक गंमत कारागिरांसाठी: मिडीचे नियम पक्के होण्याआधीच हे यंत्र बाजारात आलं, त्यामुळे पहिला डीएक्स७ संदेश पाठवायचा तो फक्त पहिल्या चॅनेलवर. बाकीची यंत्रं त्याच्या सोयीने लावावी लागत.

मुंबईत याचे पडसाद काही वर्षांनी उमटले. १९८३ मध्ये आपल्याकडचं सिनेसंगीत ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या दालनांत, भल्या मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित होत होतं. गोव्याहून आलेल्या घराण्यांतले व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे वादक त्याचा कणा होते. नोटेशन समोर आलं की पहिल्या वाचनात वाजवणारी ती माणसं. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध सरता सरता कीबोर्ड आणि सिक्वेन्सरवर अर्धं गाणं उभं राहायला लागलं, आणि त्या वादकांची सिटिंग्ज कमी होत गेली. मी त्या यंत्रांवर पोट भरलं, आणि मिडीचं गुणगान करताना ही किंमत मी कधीच वगळत नाही. पंधरा व्हायोलिन एकत्र वाजताना सूर किंचित इकडेतिकडे होतात आणि त्यातून जो भरीवपणा येतो, तो एका पट्टीतून आजही येत नाही.

मुंबईचीच एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सिनेसंगीतात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ च्या सुमारास रोलंडची तीन यंत्रं घेतली: टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बासचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिन्थेसायझर. त्यांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवून एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. मिडी तेव्हा नव्हतं, पण टीआर आणि टीबी एकाच कंपनीचे असल्यामुळे रोलंडच्या स्वतःच्या केबलने एका लयीत चालत. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जन्माला आला, आणि २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या श्रोत्यांनी कान टवकारले. शिकागोच्या मुलांनी ती ऐकली होती असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण भैरवाची सुरावट त्या चिरक्या बासवर घसरत जाते ते ऐकलंत, की यंत्र आपल्या संगीताशी कसं जुळवून घेऊ शकतं याचं उत्तर मिळतं. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले.

आता गाण्यांकडे. मिडी येण्याच्या उंबरठ्यावर यंत्रं जोडायला किती आटापिटा करावा लागे, ते ऐकायचं तर न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या बँडचं 'ब्लू मंडे' ऐका. मार्च १९८३ मध्ये ते बारा इंची सिंगल, म्हणजे एका गाण्यासाठीची मोठी तबकडी, म्हणून आलं. साडेसात मिनिटांचं, सुरुवातीला नुसता ओबरहाइम ड्रम मशीनचा ठोका. सिक्वेन्सर बर्नार्ड सम्नर यांनी सुटे भाग आणून घरी जोडलेला. गिलियन गिल्बर्ट यांनी सिन्थची सुरावट कागदांवर लिहून काढली. कागदाला कागद चिकटवत त्याची पट्टी स्टुडिओच्या लांबीएवढी झाली. यंत्रात भरताना त्यातला एक स्वर राहून गेला आणि सगळी सुरावट ठोक्यापासून किंचित सरकली. ती चूक तशीच ठेवली. मला विचाराल तर त्या सरकण्यातच गाण्याचा जीव आहे. फ्लॉपी डिस्कसारखं दिसणारं त्याचं वेष्टन पीटर साव्हिल यांनी केलं. ब्रिटनमध्ये बारा इंची सिंगल्समध्ये याहून जास्त खपलेलं दुसरं गाणं नाही.

युरिथमिक्सचं 'स्वीट ड्रीम्स' सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लंडनच्या चॉक फार्म भागात तसबिरींना चौकटी करणाऱ्यांच्या वरच्या जागेत, आठ ट्रॅकच्या टेप मशीनवर, बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या सामग्रीवर डेव्ह स्ट्युअर्ट आणि अ‍ॅनी लेनॉक्स यांनी ते केलं. मोठ्या स्टुडिओशिवाय जग जिंकता येतं हे त्या गाण्याने दाखवलं. आज खोलीत बसून गाणी करणारी सगळी मुलं त्याच वाटेवर आहेत. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या रन-डीएमसी या रॅप गटाने 'सकर एम्सीज' मध्ये तर ड्रम मशीन, तबकडी मागेपुढे घासल्याचा आवाज आणि दोन गळे, याखेरीज काहीच ठेवलं नाही. बासही नाही. हिप-हॉपमधली सगळी झगमग त्या एका गाण्याने झटकून टाकली. आणि जाझमध्ये मुरलेले हर्बी हॅनकॉक यांनी 'रॉकिट' मध्ये ग्रँडमिक्सर डीएसटी या डीजेच्या हातची घासलेली तबकडी पुढे आणून ठेवली. टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, हेही वाद्य आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

मायकल जॅक्सनला टाळण्यात अर्थ नाही, पण त्याचं १९८३ नीट समजून घ्या. 'थ्रिलर' हा त्याचा अल्बम आला नोव्हेंबर १९८२ अखेर. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला फेब्रुवारी १९८३ मध्ये, आणि एकूण ३७ आठवडे तिथे राहिला. यशामागची कारागिरी 'बिली जीन' मध्ये ऐका. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी ड्रमसाठी खास लाकडी चौथरा बांधून घेतला, म्हणजे खालची जमीन थरथरून आवाज गढूळ होऊ नये. गाणं ९१ वेळा मिक्स केलं आणि शेवटी निवडलं ते दुसरं मिक्स. हे मी प्रत्येक नव्या रेकॉर्डिस्टला सांगतो: मिक्स जपून ठेवा, पुसू नका.

त्याच गाण्याने एक बंद दार उघडलं. एमटीव्ही ही वाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झाली, पण आम्ही रॉक दाखवतो या सबबीखाली कृष्णवर्णीय कलाकार तिथे जवळजवळ दिसत नसत. १९८३ च्या सुरुवातीला मुलाखत देता देता ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी यांनी उलट निवेदकालाच याचा जाब विचारला. मार्चमध्ये 'बिली जीन' वाहिनीवर आलं. रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख म्हणत की मी धमकी दिली म्हणून दाखवलं. वाहिनीचे लोक ते नाकारत. कारण काहीही असो, त्यानंतर चित्र बदललं. मे महिन्यात प्रक्षेपित झालेल्या, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात जॅक्सनने मूनवॉक केला. ती चाल त्याची स्वतःची नव्हती. शालामार या गटाचा जेफ्री डॅनियल बीबीसीवर १९८२ मध्येच ती करून गेला होता. २ डिसेंबरला 'थ्रिलर'चा जॉन लँडिस दिग्दर्शित, जवळपास चौदा मिनिटांचा चित्रपट वाहिनीवर आला. त्याचे पैसे उभे राहिले ते तो कसा बनला याच्या माहितीपटाचे हक्क आधीच विकून.

एमटीव्हीमुळे आणखी एक झालं. वाहिनीला चोवीस तास भरायला चित्रफिती हव्या होत्या, आणि त्या तयार होत्या ब्रिटिश बँडांकडे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पहिल्या ४० गाण्यांत जवळपास निम्मी ब्रिटिश होती: ड्युरान ड्युरान, कल्चर क्लब, द पोलीस. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' आठ आठवडे पहिलं राहिलं. ते प्रेमगीत समजून लग्नात वाजवतात; नीट ऐकलं तर पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे. त्यातला अँडी समर्सचा गिटारचा तुकडा शिकणाऱ्याने जरूर बसवावा, बोटं ताणायचा उत्तम रियाज आहे.

मॅडोना आणि मेटालिका यांचे पहिले अल्बम जुलैतच आले. दोघांचं खरं राज्य पुढच्या वर्षांत असल्याने त्यांना तुमच्या तासात जागा देऊ नका.

मार्चमध्ये सीडी युरोप-अमेरिकेत पोहोचली, जपानमध्ये ती आदल्या ऑक्टोबरात आली होती. सगळे तिचा गाजावाजा करतात, पण १९८३ ची खरी विजेती कॅसेट. त्या वर्षी अमेरिकेत पहिल्यांदाच कॅसेटींचा खप एलपीपेक्षा जास्त झाला. आपल्याकडे त्याच जुलैमध्ये गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स कंपनी स्थापन झाली. पुढच्या काही वर्षांत भीमगीतं, कोळीगीतं, भजनं खेड्यापाड्यांत पोहोचली ती कॅसेटवरच. एलपीचा खर्च ज्यांना कधीच झेपला नसता, अशा शाहिरांचे आणि गायकांचे आवाज त्यामुळे टिकले.

एक दुःखाची नोंद. ४ फेब्रुवारीला अमेरिकन गायिका कॅरन कारपेंटर गेली, वयाच्या ३२ व्या वर्षी. खाणं टाळत जाण्याच्या (अॅनोरेक्सिया) आजाराने तिचं हृदय थकलं होतं. त्या आजाराची उघड चर्चा तिच्या मृत्यूनंतर सुरू झाली. माइकच्या अगदी जवळ, खालच्या पट्टीत, दम न लावता गाणं म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावं.

ऐकवण्याचा क्रम मी असा लावेन. आधी चरणजित सिंग यांचा भैरव, तीन-चार मिनिटं पुरे. मग 'ब्लू मंडे', पण बारा इंचीवरचं पूर्ण; कापलेलं नको. सिन्थची सुरावट आली की ती ठोक्यावर बसते का, ते श्रोत्यांना शोधायला सांगा. त्यानंतर 'सकर एम्सीज', म्हणजे एवढ्या थरांनंतर मोकळी जागा ऐकू येईल. मग 'बिली जीन', पहिल्यांदा नुसत्या ड्रम आणि बासकडे कान देऊन. 'रॉकिट' चित्रफितीसह दाखवा, त्यातले यंत्रमानव आजच्या मुलांनाही आवडतात. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच ऐकवू नका. बास ऐकू आला नाही तर या पाचपैकी चार गाण्यांचा कणाच हरवतो. मंडळाकडे मिडी केबल आणि दोन जुने कीबोर्ड असतील तर मधे दोन मिनिटं ते जोडून दाखवा. एकावर दाबा, दुसरा वाजू द्या.